लॅपटॉपच्या पोटातली तीन बिऱ्हाडं

रेकॉर्डरूम बंद होणार हे कळलं तेव्हा टिप्पणीरावांनी आधी त्याची नोंद केली आणि मग घाबरले. ऑफिसात त्यांना टिप्पणीराव म्हणत, कारण बावीस वर्षांत कागदावर कोणाचा तरी शेरा घेतल्याशिवाय त्यांनी खिडकीसुद्धा उघडली नव्हती. साहेबांनी दोन वाटा दाखवल्या. तीन आठवड्यांनी परीक्षा देऊन कॉम्प्युटर विभागात यायचं, नाहीतर दूरच्या शाखेत बदली. तिथून महिन्याकाठी एकदा घरी येणं झालं तर झालं. परीक्षेला स्वतःचा लॅपटॉप आणायचा आणि त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन एकाच वेळी चालवून दाखवायची.

टिप्पणीरावांना घर सोडवत नव्हतं, म्हणून त्यांनी घरातच फाइल उघडली. विषय : माफक किमतीचा लॅपटॉप घेणेबाबत.

बायकोने गिऱ्हाइकाच्या शिवणातून डोकं वर न काढता शेरा मारला, "गरज काय?" वडील, म्हणजे नाना, निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी "चर्चा करावी" असं लिहून सही केली. ते दिवसभर घरीच असत, तरी चर्चेला त्यांची वेळ पाचव्या दिवशीची मिळाली.

चर्चेत टिप्पणीरावांनी समजावलं, की एका लॅपटॉपच्या पोटात तीन वेगळे कॉम्प्युटर मांडता येतात. ते खरे नसतात, पण खऱ्यासारखे वागतात, आणि एकातलं दुसऱ्याला दिसत नाही. इथेच चुकलं. चार माणसांत एक कपाट असलेल्या घरात हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

"मग एक माझा," कॉलेजातली लेक म्हणाली. "पासवर्ड कोणाला सांगणार नाही."

"आणि गिऱ्हाइकांची मापं मी कुठे ठेवू?" बायको म्हणाली.

"मला बुद्धिबळापुरता चालेल," नाना म्हणाले. "फक्त जरा मोठा द्या. वयाचा मान असतो."

"नाना, हे परीक्षेपुरतं आहे हो."

"परीक्षा तुझी आहे, कोण नाही म्हणतंय? मशीन कोणाची, तेवढं ठरू दे."

ठरलं. आता लॅपटॉप तेवढा घ्यायचा राहिला. दुकानातल्या विक्रेत्याने पातळ, हलका आणि झाकण चकाकणारा दाखवला. मेमरी आठ जीबी, ती वाढवायची सोय नाही. टिप्पणीरावांनी हिशोब मांडला : प्रत्येक मशीनला चार म्हटलं तरी बारा, आणि लॅपटॉपलाही स्वतःचं पोट आहेच. सोळा हवेत. सोळावाला नवा परवडेना. दोनदा चांगला जुना सापडला. दोन्ही वेळा त्याचा तपशील अभिप्रायासाठी घरी फिरला, आणि नानांचा "तत्त्वतः मान्य" हा शेरा येईपर्यंत तो विकला गेला.

परीक्षेला सहा दिवस उरले तेव्हा टिप्पणीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता खरेदी केली. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला लॅपटॉप. मेमरी सोळा, डिस्क वेगवान, बॅटरी मेलेली, आणि वजन असं की मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येत.

"जुना आहे, दिसायला बरा नाही," विक्रेता म्हणाला. "पण सांगाल ते काम निमूट करतो."

आपल्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोलल्याचं टिप्पणीरावांना आठवेना.

घरी बिऱ्हाडं राहायला आली. नानांना वयाच्या मानाने सहा जीबी, दोघींना चार चार. उरलेल्या दोनात लॅपटॉपने आपला जीव धरला. माउस हलवला की बाण विचार करून निघे. सराव करायचा तर टिप्पणीरावांना तिघांकडे वेळ मागावी लागे.

परीक्षेच्या दिवशी तिन्ही मशीन चालली. परीक्षकबाईंनी मान डोलावली.

"आता दोन नंबरचं बंद करा."

टिप्पणीराव थांबले. "ते वडिलांचं आहे, मॅडम."

"मग?"

"विचारावं लागेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. टिप्पणीरावांनी समोरच घरी फोन लावला. नानांनी साफ नाही म्हटलं. वजीर अडकला होता आणि त्यांची चाल विचाराधीन होती. तेव्हा टिप्पणीरावांनी बाईंच्या परवानगीने ते मशीन बंद न करता होतं तसं गोठवलं, पुन्हा जागं केलं, आणि डाव जागच्या जागी असल्याचं नानांना फोनवर वाचून दाखवलं. वीस मिनिटं गेली. बदली पक्की झाली असं समजून ते वायरी गुंडाळू लागले.

"मागच्या वर्षी आमच्या एका हुशार मुलाने कोणाला न विचारता एक मशीन बंद केलं," बाई म्हणाल्या. "सगळ्या ऑफिसचे रजेचे अर्ज गेले. विचारून हात लावणारा माणूस मी वर्षभर शोधतेय."

टिप्पणीराव पहिले आले. कॉम्प्युटर विभाग मिळाला, शिवाय बढती. ऑफिसची सगळी मशीन जिथे ठेवली आहेत तिथले प्रमुख म्हणून. ती सगळी दूरच्या शाखेत होती.

घरी त्यांनी ही बातमी बसून सांगितली. बायकोने डोळे पुसले, लेक गळ्यात पडली. टिप्पणीरावांनी बॅग काढली, कपडे भरले आणि लॅपटॉपकडे हात नेला.

"अहो, तो कुठे नेताय?" बायको म्हणाली. "त्यात आम्ही राहतो."

"तू जा निर्धास्त," नाना म्हणाले. "तिथे बघ एखादा स्वस्तातला. तुला एकट्याला कितीसा लागतो?"