धूर वाचणारे अण्णोजीमामा

अण्णोजीमामा वर्तमानपत्र वाचत नसत. ते धूर वाचत.

हे मी अलंकारिक वगैरे बोलत नाही. थंडीच्या दिवसांत उजाडायच्या सुमाराला तुम्ही मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत आला असता, तर नळाशेजारच्या धुण्याच्या दगडावर एक गृहस्थ उभे दिसले असते. डोक्याला माकडटोपी, तिच्यावरून मफलर, अंगात स्वेटर, स्वेटरवर कोट आणि पाय मात्र अनवाणी. "कान झाकले की साकु, पुरे झालं," ते म्हणायचे, "पायाला काय कळतं?" मान वर, डोळे बारीक आणि नजर एकेका घराच्या कौलांवर. हे आमचे मामा. सख्खे कुणाचेच नव्हेत, गल्लीचे.

आता ही धुराची भानगड सांगायला हवी. आमच्या म्हैसूरच्या घरांत न्हाणीला बच्चल म्हणतात. बच्चलाच्या कोपऱ्यात मातीची चूल, तिला आम्ही मराठी माणसंसुद्धा कानडीतून ओले म्हणायचो, आणि त्या ओल्यावर तांब्याचा हंडा कायमचा लिंपून बसवलेला. खाली नारळाची सोडणं, करवंट्या, लाकडं घालायची, वर पाणी तापायचं आणि धूर धुराड्यातून बाहेर. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो आमच्याकडे. त्या दिवशी हंडा चिंचेनं लखलखीत घासायचा, चुन्याचे पट्टे ओढायचे, गळ्यात झेंडूची माळ घालायची. तिथून पुढं शिवरात्रीपर्यंत घरातली सगळ्यांत उबदार जागा म्हणजे बच्चल. मी माझी परीक्षेची सगळी पुस्तकं ओल्याच्या तोंडाशी बसून वाचलेली आहेत. माझ्या इतिहासाला अजून करवंटीचा वास येतो.

मामा हा धूर पाहून बातम्या सांगत.

"ऐक गे पुट्टी, समाचार आहे," दगडावरूनच मला हाक यायची. मी कॉलेजात जाऊ लागले तरी मी पुट्टीच, म्हणजे छोटी. "कोपऱ्यावरच्या घरी आज नवऱ्यानं ओले पेटवलंय. ओली लाकडं खाली, सुकी वर. नोडु, बघ, कसा काळा लोट येतोय! बायको बोलत नाहीये."

दुपारपर्यंत खरोखर कळायचं की त्या घरी आदल्या दिवशी साडीवरून खडाजंगी झाली होती. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची मुलगी बाळंतपणाला आली, कुणाला ताप असल्यामुळं आज आंघोळ नाही, सगळं मामांना धुण्याच्या दगडावर कळायचं. बातमी सांगून झाली की ते दगडावरून उतरत आणि देवराज मोहल्ल्यातल्या आपल्या शिंपीकामाच्या दुकानात जात. तिथं गिऱ्हाईक बाया आधीच खोळंबलेल्या असत. एकीच्या लग्नाचं ब्लाउज मामांनी तिच्या बाळाच्या बारशाला दिलं, असं आमच्या गल्लीत सांगतात. मला ही अतिशयोक्ती वाटते. बारसं लांब होतं, डोहाळजेवणाला दिलं असेल.

या सगळ्यात मामांच्या स्वतःच्या घरचं ओले मात्र विझलेलं असायचं. रुक्मामामी बच्चलातून ओरडायच्या, "जगाचा धूर बघताय, इथं पाणी गार झालं की!" मामा धावत जात, फुंकणी घेऊन ओल्याशी बसत आणि डोळे चोळत बाहेर येत. "बघ, आता आमचा पण समाचार गेला सगळ्यांना," असं वर अभिमानानं म्हणत. मामी पदरानं त्यांच्या कपाळावरची राख पुसायच्या. त्या दोघांचं भांडण आणि प्रेम एवढंच होतं, पण रोज होतं.

मामांचा आयुष्यात एकदाच मोठा पोपट झाला. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्या सुमाराची गोष्ट. धनुर्मास चालू होता. त्या महिन्यात आमच्या विठ्ठलाच्या देवळात पहाटे पूजा असते आणि पूजेनंतर गरम हुग्गी, म्हणजे मुगाची खिचडी, प्रसादाला. भजनाची मंडळी टाळ घेऊन निघाली होती, तेवढ्यात दगडावरून मामांचा घाबरा आवाज आला.

"हेडमास्तरांच्या घरी धूर नाही! काल पण नव्हता!"

हेडमास्तर सुब्बराव निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांची बायको मुलीकडे शिमोग्याला गेलेली. असा माणूस, आणि धनुर्मासात दोन दिवस बिनआंघोळीचा? शक्यच नाही. याचा अर्थ एकच होता आणि तो मामांनी जाहीर करून टाकला. टाळ थांबले. आमच्या वडिलांनी टोपी काढली. कुणीतरी तुळस आणि गंगाजल आणायला पळालं. एका उत्साही भजन्यानं बांबू कुठं मिळतील याची चौकशीसुद्धा सुरू केली. सगळी मिरवणूक मास्तरांच्या दारात. मामा पुढं, डोळ्यांत पाणी. दार ठोठावलं.

दार उघडलं. आत मास्तर उभे. केस ओले, कपाळाला ताजं गंध, अंगातून वाफा निघताहेत. त्यांनी एवढी माणसं पाहिली, टाळ पाहिले, तुळस पाहिली, आणि प्रसन्न होऊन कानडीत विचारलं, "हुग्गी घरपोच द्यायला लागलात की काय?"

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. मामा भडकले. "मास्तर, हे काय वागणं झालं? ओले न पेटवता आंघोळ कशी केलीत?"

मास्तरांनी सगळ्यांना बच्चलात नेलं आणि भिंतीवरचं पांढरं पिंप दाखवलं. गल्लीतला पहिला गीझर. लाल दिवा लागला होता. सगळे आ वासून बघत राहिले. मामांनी पुढं होऊन गीझरला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"श्वास नाही याला," ते म्हणाले. "आणि राख? राख कुठं आहे? राख नाही तर भांडी कशानं घासणार, मास्तर?"

पुढच्या थंडीपर्यंत गल्लीत आणखी गीझर आले. भांडी घासायला डब्यातली पावडर आली. मग आमच्या वडिलांनीही आणला. हंडे उखडून तांबटाकडे गेले, त्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली आली. मातीची ओली तेवढी फोडायचा आळस म्हणून तशीच राहिली, आणि त्यांच्या तोंडात बायकांनी झाडू, बादल्या ठेवून दिल्या. दरवर्षी गल्लीतला एखाद-दुसरा धूर कमी होत गेला. मामा दगडावर चढत, इकडं तिकडं बघत आणि उतरत. पुष्कळदा नुसतं "एनू इल्ला," म्हणजे काही नाही, एवढंच म्हणत. दुकान वेळेवर उघडायला लागलं. गिऱ्हाइकं खूश होती, आम्हाला मात्र चैन पडेना.

मग एका पावसाळ्यात मामी गेल्या. चार दिवसांचं दुखणं झालं आणि संपलं. मामांचा मुलगा शंकर बेंगळुरूला नोकरीला. बोलायला शांत, स्वभावानं चांगला. बापाला एकटं ठेवणं त्याला पटेना. प्रत्येक सुट्टीत यायचा आणि म्हणायचा, "बाबा, चला." मामांचं उत्तर ठरलेलं होतं. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी ते सगळ्यांसमक्ष दिलं. "शंकर, मला इथली माणसं धुरावरून कळतात रे. तिथं तिसऱ्या मजल्यावर मला कोण कळणार? गल्लीत धूर आहे तोवर मी आहे. तो संपला की ये, बॅग भरून बसतो."

शंकरनं नुसतं वर पाहिलं. कौलांवर काहीच नव्हतं, मामांच्या घरचा तेवढा एक धूर.

ती थंडी सुरू झाली तेव्हा आमच्या ओसरीवर उन्हात बायका पावटे सोलायला बसल्या होत्या. आमच्याकडे थंडी म्हणजे पावटे. भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायची. या कामात हात गुंतलेले आणि तोंड रिकामं असतं, त्यामुळं गल्लीतले सगळे कट तिथंच शिजत. समोरच्या सरसक्का म्हणाल्या, "मामा बेंगळुरूला गेले की इथं काय राहिलं ग? गल्ली मुकी होईल की." मग आई म्हणाली, "ओले आहे अजून. पेटवायचं फक्त."

"अय्यो, हंडा कुठंय पेटवायला?"

"धुराला हंडा कशाला लागतो?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत एक अजब प्रकार सुरू झाला. माणसं गीझरच्या पाण्यानं आंघोळ करत आणि शेजारी रिकाम्या ओल्यात सोडणं जळत. बच्चलात डोळे उघडवत नसत. आमचे वडील आंघोळ करून काजळी पुसत बाहेर येत आणि म्हणत, "पाणी वरून, धूर खालून, मधे मी. स्वच्छ होऊ का काळा होऊ ते एकदा ठरवा." पण सोडणं आणायला मार्केटात तेच जात.

आणि मामा! पहिल्या सकाळी कौलांवर एवढे धूर पाहून ते दगडावरून पडायचेच बाकी होते. मफलर सुटला, टोपी वाकडी झाली. "पुट्टी, ऊठ गे! समाचारच समाचार!" त्यांचा आवाज पुन्हा गल्लीभर घुमायला लागला. गंमत अशी की आता बातम्या खोट्या ठरायची वेळ आली. एकदा सरसक्कांच्या हातून सोडणं जास्त पडली, आणि मामांनी पुकारा केला, "सरसक्कांकडे पाहुणे!" सरसक्का बिचाऱ्या एकट्या. पण मामा खोटे पडू नयेत म्हणून त्यांनी बेळगोळच्या कारखान्यात असलेल्या भावाला निरोप धाडला. तो माणूस कामाची पाळी सोडून, काय अनर्थ झाला या भीतीनं धावत आला. त्याला सबंध दिवस ओसरीवर बसवून ठेवला. "पाहुणा म्हणून बस," एवढंच त्याला सांगितलं. संध्याकाळी पावट्याचं उप्पीट खाऊन तो गेला; आपण का आलो होतो हे त्याला बहुतेक अजून कळलेलं नसेल.

संक्रांतीला शंकर आला. तीळगूळ खाऊन झाल्यावर त्यानं आमच्या वडिलांजवळ विषय काढला, आणि वडिलांनी बोट वर केलं. धूर होते. आई आत जाऊन हसली, आणि मलाही आपण जिंकलो असं वाटलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी नळावर पाणी भरत होते. त्या वर्षी थंडी फार कडक होती. कळशीला हात लावला की बोटं बधिर होत. मामा दगडावर उभे होते, पण बातमी येत नव्हती. समोरून सरसक्कांचा खोकला ऐकू येत होता. त्यांना दमा होता. खोकला थांबायचा, धुराचा लोट यायचा, पुन्हा खोकला सुरू व्हायचा.

"पुट्टी," मामा हळूच म्हणाले, "पाणी तापवणारा धूर दमानं येतो गे. कोणीतरी लाकूड सरकवतं, थांबतं, परत सरकवतं. हा बघ. एकदम येतो, एकदम जातो. वर हंडा नाही."

माझी कळशी भरून वाहायला लागली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत ते?"

मामा कौलांकडेच बघत राहिले. "तुझी मामी गेल्यापासून, पुट्टी, माझ्याकरता कोणी ओले पेटवलं नव्हतं. आणि इथं तर सबंध गल्ली पेटवतेय. कसं सांगू, बंद करा करून? लोभ सुटला मला." त्यांनी मफलरनं डोळे पुसले. समोर सरसक्कांना पुन्हा उबळ आली, लांब, घशातून शीळ वाजल्यासारखी. मामा दगडावरून उतरले. "शंकरला सांग, बाबा आज तुझ्याबरोबर येतो म्हणाले."

मला रडू कोसळलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते थेट सरसक्कांच्या दारात गेले. मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. प्रत्येक दारात एकच वाक्य. शेवटी आमच्याकडे आले. माकडटोपी, मफलर, स्वेटर, कोट, आणि आत मामा लटलट कापत होते. दात एकमेकांवर वाजत होते.

"थंडी गेली, ताई," ते म्हणाले. "आता ओले बंद करा."

आई शाल घट्ट लपेटून उंबऱ्यात उभी होती. तिनं मामांकडे पाहिलं, त्यांच्यामागे घरातून बॅग घेऊन येणाऱ्या शंकरकडे पाहिलं. ती बोलली तेव्हा तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"हो, मामा," ती म्हणाली. "फार उकडायला लागलंय."