दोनशे सदतिसावे पान

पान दोनशे छत्तीसच्या शेवटच्या ओळीत मखमल नावाच्या मांजरीने उजवा पंजा उचलला होता. तो कुणाच्या बुटावर टेकणार, म्हणजेच खुनी कोण, हे सांगणारे पान दोनशे सदतीस मात्र घरात कुठेही नव्हते.

मुद्रितशोधकाने गठ्ठा तिसऱ्यांदा उलटला. प्रकाशनसंस्थेत त्याला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. तो इतका संकोची होता की चुकीच्या अक्षराभोवतीही पेन्सिलीने असे हलके वर्तुळ काढी, जणू त्या अक्षराची माफीच मागत आहे. मखमलच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या वृद्ध लेखिकेला सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. बाईंच्या बावीस पुस्तकांत मखमलने बावीस गुन्हेगार पकडून दिले होते. हे तेविसावे, आणि बाईंनी जाहीर केल्याप्रमाणे शेवटचे.

बाई हाताने लिहीत, नक्कल ठेवत नसत आणि “त्या अबोल मुलालाच पाठवा,” असे मालकांना बजावून आपले कागद दुसऱ्या कुणाच्याही हाती देत नसत. अकरा वर्षे, दर गुरुवारी, तो त्यांच्याकडून लिहून झालेली पाने आणत होता. खुन्याचे नाव फुटू नये म्हणून शेवटचे प्रकरण तो स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवी आणि छपाईच्या आदल्या संध्याकाळी घरीच टाइप करी. तोवर स्वतःही वाचत नसे. एवढा विश्वास आयुष्यात त्याच्यावर दुसऱ्या कुणीही टाकला नव्हता. आणि उद्या दुपारी बाराला पुस्तक छपाईला जायचे होते.

“आई, माझ्या कागदांना कुणी हात लावला?”

“मी कशाला लावू?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आणि लावला तरी मी जागच्या जागी ठेवते.”

“म्हणजे वाचतेस तू,” औषधांच्या दुकानातून नुकतीच परतलेली ताई चपला काढता काढता म्हणाली.

“तो आंघोळीला गेला की चार पानं बघते. दोनशे बारापर्यंत आलेय. ड्रॉवरमधलं प्रकरण मात्र नाही हं उघडलं, शेवट आधी वाचणाऱ्यातली मी नव्हे. आणि वाचायचंय कशाला? तो माळीच आहे. चाळिसाव्या पानापासून सांगतेय मी.”

“कुणाला सांगतेयस?”

“ठोंब्याला.”

ठोंब्या हे घरातले मांजर. त्याचे आणि मखमलचे साम्य शेपटीपाशी सुरू होऊन तिथेच संपत असे. एकदा घरात उंदीर शिरला, तेव्हा ठोंब्याने बाजूला सरकून त्याला वाट करून दिली होती. सध्या तो त्याच अर्ध्या उघड्या ड्रॉवरमध्ये मुटकुळे करून झोपला होता.

ताईने ड्रॉवरकडे पाहिले. “रोज इथेच झोपतो ना हा? मग पान यानंच ओढून नेलंय. आता पुस्तकात करतात तसं करायचं. मांजर नेईल तिकडे जायचं, मध्ये बोलायचं नाही.”

“ताई, ती कथा आहे गं.”

“तुझ्याकडे दुसरा उपाय आहे?”

नव्हता. मग ठोंब्याला उठवण्यात आले आणि तिघे त्याच्यामागून निघाले. ठोंब्या आपल्या वाटीपाशी गेला. तिघे वाटीपाशी थांबले. तो खिडकीत बसला. तिघांनी खिडकीबाहेर पाहिले. तो पुन्हा वाटीपाशी आला. मग आपल्यामागे चाललेल्या या मिरवणुकीकडे त्याने एकवार संशयाने पाहिले आणि दारातून सटकून तो जिना उतरला.

तळमजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहत. त्यांचे दार किलकिले होते. आतून आवाज आला, “या साहेबराव! आज पंधरा मिनिटं उशीर?”

तिघे दारातच थबकले. पोस्टमास्तरांच्या स्वयंपाकघरात एका स्वच्छ बशीत उकडलेले अंडे कुस्करून ठेवले होते, आणि ठोंब्या ते सवयीच्या सहजतेने खात होता.

“रोज येतो हा?” आईने विचारले.

“दोन वर्षं झाली. सहाच्या ठोक्याला.”

“रात्री माझ्या हातचं दूध हुंगून सोडून देतो मेला! मी म्हणायचे, अशक्त झालाय.”

ताईने विषय गुन्ह्याकडे वळवला. “काका, आमचं एक पान हरवलंय. जरा तुमच्याकडे बघितलं तर…”

पोस्टमास्तर ताठ झाले. “पस्तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली मी. एक चिठोरं इकडचं तिकडे झालं नाही. आणि आज एका मांजराच्या सांगण्यावरून माझ्या घराची झडती?”

“मांजर काहीच म्हणालं नाही, काका,” मुद्रितशोधक पुटपुटला.

“तेच तर! साक्षसुद्धा नाही!”

नको नको म्हणत असतानाही त्यांनी स्वतःच कपाटे उघडली, गाद्या उलटल्या, धान्याचे डबे उपडे करून दाखवले. पाऊण तासाने, पसाऱ्याच्या मधोमध बसून, ते शांत झाले. “हे बघ, कागद हरवला की आमच्याकडे एकच नियम होता. ज्यानं पाठवला, त्याला आधी कळवायचं. शोध नंतर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो बाईंच्या दारात उभा होता. अपराधी माणसाला ओळखीचे दारही अनोळखी वाटते, तसे त्याला वाटत होते. आता हे दार आपल्यासाठी पुन्हा उघडणार नाही, या विचाराने त्याने वाटेत चार वाक्ये घोकली होती. तोंडातून भलतेच आले.

“बाई, मी हरवलं.”

“काय?”

“दोनशे सदतीस.”

बाईंनी चष्मा काढला. “शेवटचं प्रकरण नेताना पोचपावतीवर सही केलीस, तेव्हा पानं मोजली होतीस?”

“नाही. तुम्ही आकडा सांगितलात, मी लिहिला.”

“मोजली का नाहीस?”

“तुमच्यासमोर… बरं दिसलं नसतं.”

“अरे माझ्या कर्मा!” बाई खुर्चीत मागे टेकल्या. “तीन आठवडे फोनपाशी बसलेय मी! म्हटलं, मोजेल, एक कमी भरेल, धावत येईल. बाळा, पान हरवायला ते आधी लिहावं लागतं.”

तो न विचारता खुर्चीत बसला. अकरा वर्षांत प्रथमच.

“लिहिलंच नव्हतं?”

“बसले होते लिहायला. मांजरीनं पंजा उचलला. आता टेकवला की संपलं, असं मनात आलं. तिचंही आणि…” बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. त्यातल्या गुरुवारांवर तेवढ्या पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. “मग म्हटलं, राहू दे वरच.”

“मला फोन करायचात.”

“काय सांगू फोनवर? अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी न लिहिलेलं पान चोरून बसलीय?”

तो हसला. आपले हसणे एवढ्या मोठ्याने येते, हे त्यालाच ठाऊक नव्हते. मग त्याने कालची सगळी शोधयात्रा सांगितली. इतके सलग तो कधीच बोलला नव्हता. डोळे पुसत बाई म्हणाल्या, “तरी बरं, मी मांजर पाळलं नाही. ती काही शोधत नाहीत हे कळलं असतं, तर एक ओळ लिहिता आली नसती.”

आणि त्यांनी कागद ओढला. तासभर खोलीत फक्त लेखणीचा आवाज होता. साडेअकराला त्यांनी पान त्याच्यापुढे सरकवले. तो वाचू लागला. मखमलचा पंजा माळ्याच्या बुटावरून पुढे गेला, डॉक्टरांच्याही पुढे गेला, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मखमलने कान टवकारले आणि पान संपले.

“बाई, दारात कोण आलंय?”

“मला काय ठाऊक? आत्ताच तर वाजली. गुरुवारपर्यंत कळेल.”

त्याचा फोन वाजला. मालक ओरडत होते. “कानामात्रा! मशीन थांबलंय! शेवटचं प्रकरण कुठाय?”

मालकांसमोर त्याचे वाक्य आजवर कधी पूर्ण झाले नव्हते. “साहेब, छपाई थांबवा. पुस्तक अजून संपलेलं नाही.”

“म्हणजे किती दिवस?”

त्याने बाईंकडे पाहिले. बाईंनी एका हाताची पाच बोटे वर केली, जरा विचार केला, आणि दुसरा हातही वर केला.

“महिने लागतील,” तो म्हणाला आणि मालकांच्या आधी त्याने फोन ठेवला.

मग तो पान घडी न घालता पिशवीत ठेवू लागला.

“अंहं. आधी मोजून घे,” बाई म्हणाल्या.

“एकच आहे, बाई.”

“तरी मोज. सावकाश मोज. मी चहा टाकते.”