पाखाडी कट

केस कापून झाले की शांतूदादा गिऱ्हाइकाच्या डोक्यात फूल खोवायचे. थट्टा म्हणून नव्हे, देवपूजेला बसल्यासारख्या गंभीर चेहऱ्याने. आरशाशेजारच्या खिळ्याला बायका वेणीवर माळतात तसला भरगच्च वळेसर टांगलेला असायचा. कधी अबोलीचा, दिवस असले तर सुरंगीचा. त्यातलं एक फूल तोडून ते समोरच्या बाप्याच्या डोक्यात मागच्या बाजूला अडकवायचे, जरा मागे सरायचे आणि हुकूम सोडायचे, “हालव डोकं!”

समोरचा बाप्या कचेरीतला हेडक्लार्क असो नाहीतर बंदरावरचा तांडेल, डोकं हलवण्यावाचून सुटका नव्हती. अंगाभोवतीच्या कपड्याची गाठ अजून मानेमागे असायची आणि एका गालावरचा साबण मुद्दाम शिल्लक ठेवलेला असायचा. फूल पडलं की शांतूदादांचाही चेहरा पडायचा. “बस परत,” म्हणून पुन्हा कात्री चालवायचे. टिकलं तर नुसतं “हां” करायचे, फूल काढून घ्यायचे आणि कपडा झटकायचे. हे काय चाललंय, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस प्रश्न कमीच विचारतो.

मी मूळचा राजापूरचा. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मला रत्नागिरीला कचेरीत नोकरी लागली आणि गाडीतळाजवळ शांतूदादांच्या परसातली खोली भाड्याने मिळाली. घर कौलारू. रस्त्याकडच्या पडवीत ‘शांती हेअर कटिंग सलून’, मधल्या दाराआड त्यांचं नवराबायकोचं बिऱ्हाड आणि मागे मी. पहिल्या दिवशी शांतूदादांनी माझ्याकडे पाहिलं ते थेट कपाळाच्या वर. केसांत पाची बोटं घातली, चोळली आणि मधल्या दाराकडे तोंड करून ओरडले, “अगो, नवा भाडेकरू इलाय! राजापूरचा हाय. डोक्यावर नुसता सुंभ हाय, सुंभ!”

सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी. माझे केस राठ आणि उभे आहेत हे मला ठाऊक होतं, पण आमच्या घरी त्याला आजवर ‘दाट’ म्हणत आले होते. शांतूदादांनी माझं नाव पुढेही कधी विचारलं नाही. मी राजापूरकर, एवढं त्यांना पुरलं. माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती केसांच्या वाणावरून, शेतकऱ्याच्या लक्षात भाताचे वाण राहतात तशी. पातळ, चपट्या केसांना ते ‘पेज’ म्हणायचे. कुरळ्या केसांना ‘कुर्ल्या’ म्हणायचे, म्हणजे खेकडे. “हात घातला की चावतात,” असं त्याचं स्पष्टीकरण होतं.

मी राहायला येण्याच्या थोडं आधी ते मुंबईला पुतण्याच्या सलूनात काही दिवस राहून आले होते. तोवर त्यांच्याकडे दोनच कट होते, बारीक आणि मध्यम. मुंबईहून त्यांनी स्टेप कट आणला. वरचे केस आखूड, खालचे लांब, कान झाकलेले, मानेवर झुपके, सगळं विस्कटल्यासारखं आणि तरी नीट बसलेलं. त्या वर्षांत पोरं त्यासाठी वेडी झाली होती. पुतण्याने समजावून सांगितलं की स्टेप म्हणजे पायरी. आता आमच्याकडे उतारावरून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट जाते, तिला पाखाडी म्हणतात. शांतूदादांच्या दृष्टीने पायरी म्हणजे पाखाडी. रत्नागिरी स्टँडवर उतरेपर्यंत स्टेप कटचा पाखाडी कट झालेला होता.

रत्नागिरीतली पहिली पाखाडी माझ्या डोक्यावर बांधली गेली. खरंच बांधली गेली. मागून पाहिलं तर पायऱ्या मोजता येत होत्या. कचेरीत आमचे हेडक्लार्क माझ्या मागे येऊन थबकले आणि म्हणाले, “अरे, कठडा नाही का घातला? कोणी पडेल बिडेल.” मी संध्याकाळी तणतणत घरी आलो. शांतूदादांनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. “सुंभाची पाखाडी अशीच दिसणार,” म्हणाले, “जरा झिजू दे.”

पण मनातून ते बेचैन झाले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घराजवळच्या पाखाडीवर ते पाण्याची कळशी उपडी करताना दिसले. खाली उतरून बघायचे, पुन्हा वर जाऊन दुसरी कळशी ओतायचे. शेजारच्यांना वाटलं, काही नवस असेल. मला पाहताच ते ओरडले, “पाणी बघ, राजापूरकर! पायरी हाय, पण पाणी अडतंय काय? पायरी आत असायला हवी. वरून नुसता उतार दिसला पाहिजे!”

मला तसंच धरून खुर्चीवर बसवलं. बारीक दातांची कात्री घेऊन माझ्या केसांचा भार आतून आतून कमी केला, वरच्या झुपक्यांना मात्र हात लावला नाही. जन्मात पहिल्यांदा माझे केस खाली बसले. मग डोक्यात अबोलीचं फूल आलं आणि “हालव डोकं” झालं. फूल जागचं हललं नाही. पण शांतूदादा खूश दिसेनात. “सुंभावर काय, नारळपण टिकेल,” म्हणाले.

कुरळ्यांच्या बाबतीत त्यांनी एकच चूक केली आणि ती एका मास्तरांच्या डोक्यावर केली. केस ओले करून बरोबर कानाखाली पाखाडी उतरवली. मास्तर ऐटीत निघाले. भाट्याच्या पुलावर वारा लागला, केस सुकले आणि कानाच्या वर चढून बसले. वर्गात पोरांनी टोपी घातलीत का म्हणून विचारलं म्हणे. तेव्हापासून कुर्ल्या कोरड्याच धरायच्या असा सलूनात कायदा झाला. “ओल्या असल्या की खोटं बोलतात,” ते सांगायचे.

पण त्यांचा खरा जीव होता तो पेजेवर. पातळ केसांचा माणूस रस्त्याने जाताना दिसला की हे हातातलं गिऱ्हाईक टाकून बाहेर. “अहो, या की! पैसे नकोत, या!” अशी हाक मारून त्याला आत आणायचे. टक्कल पडायच्या वाटेवर असलेल्या गृहस्थांनी आमच्या रस्त्याने जाणं सोडून दिलं होतं. कुणाला वाटे माणूस चळला, कुणाला वाटे धंद्याची युक्ती. मी त्यांच्याच परसात राहणारा, त्यामुळे मला निराळं काही दिसत होतं.

शांतूदादांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. मी यायच्या आदल्या पावसाळ्यात त्यांना टायफॉईड झाला होता. जिवावरचं निभावलं, पण केस गेले. त्याआधी त्यांची वेणी कमरेखाली लोळायची आणि शांतूदादा रोज संध्याकाळी बाजारातून वळेसर आणायचे, असं शेजारणी सांगत. नंतर केस आले ते विरळ, जेमतेम मानेपर्यंत. वेणी होईना, अंबाड्याचा तर प्रश्नच नव्हता. फूल खोवलं की सुळकन खाली. वहिनींनी डोक्यावरून पदर घेतला आणि उंबरा ओलांडणं सोडलं. हळदीकुंकू बंद, देवळात जाणं बंद. माझ्यासाठी कुळथाची पिठी पाठवायच्या तीही दाराआडून हात पुढे करून. शांतूदादा वळेसर आणायचे थांबले नाहीत. घरात कोणी घेईना, म्हणून तो सलूनातल्या खिळ्यावर लटकायचा.

त्या वर्षी संगमेश्वरला वहिनींच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. शिमग्याच्या आधीचा मुहूर्त होता. वहिनींनीच अंगाखांद्यावर खेळवलेली पोर. बहिणीचे निरोपावर निरोप येत होते आणि वहिनी म्हणत होत्या, “ह्यांना पाठवते. मी येत नाय.”

एकदा मी परसात कपडे वाळत घालत असताना आतून बोलणं ऐकू आलं. शांतूदादा म्हणत होते, “मी बघतो गो. नुसता आकार देतो. दाट दिसतील.”

“बाईच्या डोक्याला न्हाव्याची कात्री कधी लागायची, ठाऊक हाय ना?” वहिनींचा आवाज शांत होता. “लग्न होऊन आले तेव्हा मामंजींना अशी बोलावणी यायची. कुणाच्या घरातला धनी गेला की. त्या दिवशी मामंजी घरी येऊन जेवत नसत. आणि तुमी धडधाकट समोर उभे असताना मी डोकं पुढे करू?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पातळ केसांचे आणखी दोघे रस्त्यावरून ओढून आणले.

त्यातलेच एक सुर्वे. पतपेढीत रोखपाल, आणि केस इतके विरळ की शांतूदादा त्यांना ‘निवळ’ म्हणत, म्हणजे पेजेवरचं नुसतं पाणी. सुर्व्यांवर शांतूदादांनी सगळी विद्या ओतली. पातळ केसांना दात्याची कात्री लावायची नाही, खालची कड एकसारखी भरीव ठेवायची आणि वर टाळूपाशी आतले काही केस आखूड करायचे, म्हणजे ते वरच्यांना टेकू देतात. इतकं सगळं करून सुरंगीचं फूल खोवलं आणि तेवढ्यात पतपेढी उघडायची वेळ झाल्याचं सुर्व्यांच्या ध्यानात आलं. कपडा फेकून ते धावत सुटले. फूल डोक्यातच.

सुरंगीचा वास लपत नाही. सुर्वे दिवसभर नोटा मोजत होते आणि लोक खिडकीपाशी येऊन हुंगत होते. भिडेखातर कोणी बोललं नाही. बोलल्या त्या संध्याकाळी सुर्वेबाई. नवऱ्याच्या डोक्यातून फूल उपटून, ते आणि नवरा अशा दोन्ही वस्तू घेऊन त्या सलूनात हजर झाल्या.

“हे तुम्ही घातलंत?”

“व्हय,” शांतूदादा म्हणाले.

“बाप्याच्या डोक्यात?”

“व्हय. कधी काढलंत?”

“आत्ता! घरी आले तेव्हा! अख्ख्या बाजारातून मिरवत आले ते!”

शांतूदादांनी खुर्चीचा दांडा धरला. मी बाकावर पेपर वाचत होतो, मला वाटलं आता रडतात की काय. “सकाळपासून टिकलं?” त्यांनी विचारलं. सुर्वेबाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या, पण असा प्रश्न आला तर काय भांडायचं हे त्यांना सुचेना. आणि तेव्हाच मधलं दार करकरलं. कित्येक महिन्यांत सलूनाच्या बाजूला न फिरकलेल्या वहिनी दारात उभ्या होत्या. पदर घट्ट धरलेला. त्यांनी सुर्व्यांच्या डोक्याकडे पाहिलं. मग सुर्वेबाईंच्या हातातल्या कोमेजलेल्या फुलाकडे पाहिलं.

“दिवसभर?” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या डोक्यात?”

सुर्व्यांना त्याचा थोडा अपमान वाटला.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी मी दुपारी कचेरीतून जेवायला आलो तर सलूनाची फळी लावलेली. वार काही सुट्टीचा नव्हता. मी बोळातून परसाकडे चाललो होतो. सलूनाची बोळाकडची खिडकी अर्धी उघडी होती आणि आतून शांतूदादांचा आवाज आला, “हालव डोकं.”

“मी काय बैल हाय?”

“हालव गो.”

खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. पदर खांद्यावर. केस मानेपाशी भरून आले होते, वर टाळूपाशी हलकेच उचललेले. कुठे पायरी दिसत नव्हती, नुसता उतार होता. आणि डोक्यात एक फूल नव्हे, अख्खा वळेसर. वहिनींनी मान जराशी हलवली आणि वळेसर एका बाजूने ओघळला. शांतूदादांनी “बस परत” म्हटलं नाही. वाकून तो उचलला, कुठल्याशा चार केसांना कात्रीचं टोक लावलं आणि पुन्हा माळला. आम्हां सगळ्यांच्या डोक्यांवरून बेदरकार फिरणारा तो हात आता एकेक केस जपून धरत होता.

वहिनींनी पुन्हा मान हलवली. टिकला. मग जोरात हलवली. टिकला. मग त्या आरशात बघत डावीकडे, उजवीकडे मान हलवतच राहिल्या आणि एकदम हसल्या, तोंडावर हात न घेता. शांतूदादा भिंतीकडे तोंड करून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत होते. दाढी करायला तिथे कोणी नव्हतं. मी जेवायचं विसरून तसाच कचेरीत परत गेलो.

लग्नाला दोघं गेली. स्टँडवर ट्रंक चढवून द्यायला मी होतो. वहिनी खिडकीशी बसल्या, डोक्यावर पदर नव्हता, सुरंगीचा वळेसर होता. लोक बघत होते आणि त्या बघू देत होत्या. शांतूदादा मुद्दाम त्यांच्या मागच्या बाकावर बसले. परत आल्यावर मी विचारलं, लग्न कसं झालं? ते म्हणाले, “एष्टी हातखंब्यापर्यंत नुसती आदळत होती, राजापूरकर. एक फूल नाय पडलं.” लग्नाबद्दल मला एवढंच कळलं.

पुढच्या वेळी मी केस कापायला बसलो. कापून झाले तसा सवयीने थांबलो, आणि काही होईना म्हणून आपणच डोकं हलवलं.

“काय झालं? माशी बसली?” शांतूदादांनी विचारलं.

“फूल?” मी म्हणालो.

त्यांनी कपडा झटकला. आरशाशेजारचा खिळा रिकामा होता.

“फूल आता घरात लागतंय,” ते म्हणाले. “ऊठ.”