जोडीला शिकवून मिळेल

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता उमाबाई मुळ्ये आपल्या घरापुढच्या खळ्यात उभ्या होत्या, आणि खळ्यात दुसरं कुणीच नव्हतं. जमीन सकाळीच सारवून घेतली होती. पडवीत टेबलावर रेकॉर्ड प्लेयर होता, शेजारी तबकड्यांची पेटी. त्यांचे यजमान चिंतामणराव आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्राच्या आडून त्यांच्याकडे बघत होते.

"पाच वाजून दहा मिनिटं झाली," उमाबाई म्हणाल्या.

"रत्नागिरीत पाच म्हणजे साडेपाच," चिंतामणराव म्हणाले. "आणि नाच म्हणजे..." पुढचं त्यांनी गिळलं.

चिंतामणराव मूळचे इथलेच, झाडगावचे. तरुणपणी दार-ए-सलामला एका जहाज कंपनीच्या कचेरीत लागले ते सव्वीस वर्षं तिथेच राहिले. उमाबाईंचा मात्र जन्मच तिकडचा. घरी मराठी बोलत, पण भारत त्यांनी पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर. १९८४ च्या फेब्रुवारीत दोघं झाडगावच्या घरी कायमची राहायला आली, तेव्हा जो तो विचारी, "काय, आलात परत?" चिंतामणराव हसून हो म्हणत. उमाबाई म्हणत, "हे परत आले. मी पहिल्यांदाच आलेय."

दार-ए-सलामच्या क्लबात दर शनिवारी नाचाच्या वर्गात चाळीस जोडपी उमाबाईंच्या शब्दावर डावा पाय पुढे टाकीत. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, एक न्यायाधीशही होता आणि त्याला पाय चुकल्याबद्दल उमाबाईंनी सगळ्यांसमोर झापलं होतं. इथे त्या फक्त 'आफ्रिकेची मुळ्येबाई' होत्या. तीन महिने त्यांनी फणसाची साटं घालायला शिकण्यात काढले. ती काही केल्या वाळली नाहीत. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "मला जे येतं ते मी इथे का शिकवू नये?"

"अगं, इथे नवरा दहा पावलं पुढे चालतो आणि बायको मागून येते," चिंतामणराव म्हणाले. "एकमेकांचा हात धरून नाचणार कोण?"

"म्हणजे गरज इथेच जास्त आहे," उमाबाई म्हणाल्या, आणि धाकू पेंटरकडे पाटी रंगवायला दिली. धाकूने ती आजच दुपारी, उमाबाई जरा आडव्या झालेल्या असताना, परस्पर फाटकाला ठोकून दिली होती.

साडेपाचला फाटक वाजलं. धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात चाबूक असा पन्नाशीचा एक गृहस्थ आत आला.

"वयनी, दुपारी पाटी बघितली. शिकवतात ती हितंच ना?"

"इथेच! या ना, या. कुठून आलात?"

"मी काशीराम. नाचण्याचा."

उमाबाईंचा चेहरा उजळला. नाचणे नावाचं गाव रत्नागिरीला अगदी खेटून आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"नाचण्याचेच हवेत आम्हाला! आधी कधी शिकलायत?"

"मी? मी काय शिकायचा आता? जोडीला शिकवायचाय."

"तेच ते. पण एकटेच आलात? जोडी कुठे आहे?"

"भायेर. माडाला बांधलीय."

"बांधलीय?"

"न्हायतर जाते ना पळून. येताना दोनदा सुटली."

उमाबाईंनी आरामखुर्चीकडे पाहिलं. वर्तमानपत्र गदगदा हलत होतं.

"अहो, असं बांधून कुणाला शिकवता येतं का? खुशीने आली नाही का ती?"

"खुशीनं कोन येतो वयनी? मागनं ढकलत आणलीय. त्यात जुना तसा शाना हाय. पण नवा घेतलाय चिपळूणच्या बाजारातना, तो नडतो."

उमाबाई फाटकाबाहेर गेल्या. माडाला दोन बैल बांधले होते. एक पांढरा, कपाळावर तांबडा ठिपका असलेला, शांतपणे रवंथ करत होता. दुसरा तांबूस, तरणा, तो फाटकाशेजारची जास्वंद खात होता. आणि त्याच्या शिंगांच्या वर धाकूची नवी कोरी पाटी झळकत होती: 'येथे जोडीला शिकवून मिळेल. सोमवार व गुरुवार, सायं. ५. सौ. उमा मुळ्ये.'

'जोडीला' आणि 'शिकवून' यांच्यामध्ये एक शब्द हवा होता, तो नव्हता. चिंतामणराव मागून आले, त्यांनी पाटी वाचली आणि डोळे पुसले.

"काशीराम," उमाबाई म्हणाल्या, "पाटी चुकलीय. मी बैलांना नाही शिकवत. माणसांना नाच शिकवते."

काशीरामने चाबूक खाली केला. "म्हंजे न्हाय जमनार?"

"मला बैलांतलं काही कळत नाही हो."

"मंग ऱ्हायला," तो म्हणाला. त्याने दावं सोडायला हात घातला, पण सोडलं नाही. "चांद्याचा जोडीदार दिवाळीला पान लागून गेला, साप डसला. दोघांनी मिळून सा वरसं जोत ओढला. हा नवा कोश्या त्याच्यासंगती चार पावलं चालत न्हाय. नांगर धरायला तीन आठवडे ऱ्हायलेत. गाव हसतोय. मना वाटला, आफ्रिकेत शिकलेली बाय हाय, काय तरी येगळा ठावं आसल."

उमाबाईंना न्यायाधीशाला झापताना जितका अधिकार वाटला होता तितकाच एकदम वाटला. गेल्या तीन महिन्यांत 'तुम्हाला काहीतरी येत असेल' असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"जरा चालवून दाखवा," त्या म्हणाल्या.

काशीरामने बैलांच्या मानेवर जू ठेवलं आणि दोघांना खळ्यात फिरवलं. चांद्या पाऊल टाकी, कोश्या थांबे. कोश्या निघे तो तिरका होऊन चांद्याच्या अंगावरच रेले. उमाबाई हाताची घडी घालून, डोळे बारीक करून त्यांच्या पायांकडे बघत होत्या. हे पाय त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, फक्त बुटांत.

"थांबा. हा नवा सारखा उजवीकडे का घुसतोय? आधीच्या धन्याकडे तो कुठल्या बाजूला असायचा?"

"ता काय मी इचारला न्हाय."

"उजवीकडेच असणार. दोघांनाही एकच जागा हवीय. चांद्याला डावीकडे घ्या."

काशीराम चांद्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. "सा वरसं त्याची ती जागा हाय, वयनी. जोडीदार गेला, आता जागा पन काढून घेऊ त्याची?"

उमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "कोश्या तरणा आहे, त्याला एवढ्यात जमणार नाही. जो शहाणा असतो त्यालाच जागा बदलावी लागते. सुरुवातीला पाय चुकतात. माझेही चुकतायत. पण जमतं."

काशीरामने चांद्याला डावीकडे घेतलं.

उमाबाईंनी तबकडी लावली. तीनचा ठेका चार पायांना बसेना, तेव्हा त्यांनी चारचा लावला, आणि बैलांच्या पुढे उलट्या चालत त्या टाळ्या वाजवू लागल्या. "एक, दोन, तीन, चार! पोले पोले, कोश्या, पोले पोले!"

"ता काय म्हनायचा?"

"सावकाश. तिकडच्या भाषेत."

पहिल्या फेरीला चांद्या दोनदा अडखळला. तिसऱ्या फेरीला दोघांच्या माना एका पातळीत आल्या. पाचव्या फेरीला आठ खूर एकाच तालात पडू लागले, आणि काशीराम बैलांमागून असा चालू लागला की वरातीतल्या नवरदेवाने बाजूला व्हावं. त्याने चाबूक कधीच टाकून दिला होता. चिंतामणराव पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. वर्तमानपत्र जमिनीवर पडलं होतं आणि त्यांचं लक्ष बैलांकडे नव्हतं.

"चाळीस जोड्यांना शिकवलंस," ते नंतर म्हणाले, "पण ही एक पाहताना हातातलं वर्तमानपत्र कधी पडलं ते मला कळलं नाही."

सोमवारी पाचच्या आधीच गल्ली अडली. नाचण्याहून तीन जोड्या, मिरजोळ्याहून एक, शिवाय काशीराम आणि त्याची बायको हौसा. "आफ्रिकेची बाय बघायची हाय" म्हणून ती मुद्दाम आली होती. त्या गर्दीतून वाट काढत मांडवीच्या यमुनाबाई आल्या आणि त्यांनी उमाबाईंच्या हातात भाचीची पत्रिका ठेवली.

"जोड्या तुम्हीच लावता ना? नाडी तेवढी बघा. मुलगी घरकामाला वाघ आहे."

उमाबाई पत्रिका परत देतात न देतात तोच शेजारचे श्यामराव शेवडे आले. ते निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यामागे दहा पावलांवर पत्नी मालिनीबाई.

"मुळ्येबाई, ही सभ्य लोकांची आळी आहे. आमच्या पायरीवर शेण पडलंय."

"तुमच्या पायरीवर? क्षमा करा. मी स्वतः काढते."

"शेणाचं सोडा हो," मालिनीबाई मागून म्हणाल्या. "मला गोवऱ्यांना हवंच होतं." हेडमास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या माडाकडे बघू लागल्या.

तेवढ्यात ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन धाकू पेंटर हजर झाला. त्याला चिंतामणरावांनी बोलावून घेतलं होतं.

"अरे, नाच कुठे गेला पाटीवरचा?"

"मीच गाळला," धाकू मान खाली घालून म्हणाला. "काका, तुमच्यासारख्यांच्या घरावर 'नाच' लिहायला हात धजला नाही. लोक काय म्हणतील, म्हटलं." त्याने गल्लीभर नजर फिरवली आणि हलकेच विचारलं, "लिहू आता? की राहू दे? गिऱ्हाईक तुटेल बघा."

उमाबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग गर्दीकडे. पाच जोड्या बैल आणि त्यांना आणलेली सगळी माणसं. त्यांतल्या दोघांतिघांबरोबर बायकाही आल्या होत्या, कारण नवीन बैलाच्या पुढे दावं धरून चालायला कुणीतरी लागतंच.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग पायरीवर चढून त्यांनी क्लबातला आवाज काढला. "ऐका! बैल धन्याच्या पावलावर पाऊल टाकतो. धन्याचंच पाऊल एकसारखं नसेल तर बैलाने काय करायचं? आधी तुम्ही शिकायचं. नवरा-बायको, समोरासमोर. बैल बघतील."

सगळे पुरुष एकदम जमिनीकडे बघू लागले.

"काशीराम, तुम्ही या. हौसाबाई, तुम्हीही."

"आमी? हात धरून?" काशीरामचे कान कोश्याच्या रंगाचे झाले.

"हात नको तर दावं धरा. एक टोक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे."

दाव्याची दोन टोकं धरून काशीराम आणि हौसा खळ्याच्या मधोमध उभी राहिली. तबकडी लागली. काशीराम पुढे सरकला, हौसा मागे. मग ती पुढे, तो मागे. दोन वेळा दावं पायात आलं. मिरजोळ्याचा महिपत फिदीफिदी हसला. तिसऱ्यांदा दावं पायात आलं तशी हौसा थांबली.

"ह्या कशाला मधी?" ती म्हणाली. दावं तिने महिपतच्या अंगावर फेकलं आणि नवऱ्याचे दोन्ही हात धरले. "तीस वरसं झाली लग्नाला. हसायचा त्यानं हसावा."

महिपत हसला नाही. कुणीच हसलं नाही. हौसाचा पदर खोचलेला, पायात चप्पल नाही, आणि तिचं पाऊल असं पडत होतं की उमाबाई आकडे मोजायचं विसरल्या. चाळीस जोडप्यांत अशी बाई त्यांना एकदाही मिळाली नव्हती. काशीराम आधी बायकोच्या पायांकडे बघत होता. मग तो तिच्या तोंडाकडे बघू लागला, आणि त्यानंतर त्याचा एकही पाय चुकला नाही.

तबकडी संपली. हौसाने घाम पुसला आणि जमलेल्या बायकांकडे मान ताठ करून पाहिलं. "बघताव काय? या की! शेतात चिखल करताना लाजत न्हाय, मंग हितं काय लाजायचा?"

त्या संध्याकाळी तीन जोडपी नाचली. दाव्याला कुणी हात लावला नाही. बैलांनी सगळं पाहिलं, जास्वंदही सगळी खाल्ली.

नांगरणी सुरू झाली तशी बैल यायचे थांबले. आता वर्गही थांबणार, असं उमाबाईंनी धरलं होतं. तरी गुरुवारी पाचला त्यांनी सवयीने खळं झाडलं आणि रेकॉर्ड प्लेयर पडवीत आणून ठेवला. नाचण्याची चिखलणी आटोपून काशीराम-हौसा तेवढी येणार होती, पण ती उशिरा.

सव्वापाचला फाटक वाजलं. हेडमास्तर श्यामराव शेवडे आत आले. धुतलेला कोट, पॉलिश केलेले बूट. मालिनीबाई नेहमीसारख्या दहा पावलं मागे नव्हत्या. फार तर दोन पावलं असतील.

"बसा ना," चिंतामणराव उठत म्हणाले. "शेणाबद्दल असेल तर आता बैल..."

"शेणाबद्दल नाही." हेडमास्तरांनी कोटाचं बटण लावलं. वर्गात चाळीस मुलांना गप्प करणारा त्यांचा आवाज आता माडावरच्या कावळ्यालाही ऐकू गेला नसता. "आमच्याकडे बैल नाहीत. तसंच आलेलं... चालतं का?"

"चालतं की," उमाबाई म्हणाल्या. "पण मग बायकोचाच हात धरावा लागेल."

हेडमास्तरांनी गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तरी त्यांनी परत जाऊन आधी फाटकाला कडी घातली, आणि मग कोटाला हात पुसून तो मालिनीबाईंच्या पुढे केला.