अरुणच्या जोडफायली

शेजारचा अरुण दाराला कुलूप लावतो आणि ओढून बघतो. इथपर्यंत ठीक. पण मग ते उघडून चावी चालते का बघतो आणि परत लावतो. तोवर रिक्षावाला निघून जातो.

"चाललं म्हणजे बरोबर असं नसतं, काकू," हे त्याचं पालुपद.

काम संगणकाचं, घरी बसून. मी चौथी शिकलेली. मला कळलं ते एवढंच: एका फाईलीत संगणकानं काय करायचं ते लिहायचं, दुसरीत ते नीट झालं का याची चाचणी. आता त्यानं असा प्रोग्राम केलाय की दोन्ही फायली जोडीनंच तयार होतात. एकटी फाईल तो ठेवतच नाही.

"मग त्या चाचणीची चाचणी कोण घेतं?" मी विचारलं. त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

बांगड्याचं तिखलं केलं की वाटी घेऊन दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी हजर. "मीठ बघा."

"तुला जीभ नाही?"

"ज्यानं केलं त्यानंच तपासायचं नसतं."

तिखलं मात्र चांगलं करतो.

आणि रोज सकाळी गडग्यापलीकडून हाक. "काकू, ओ द्या!"

"मेल्ये नाही अजून!" सगळी वाडी ऐकते.

परवा हाक आली तेव्हा माझ्या तोंडात मिश्री. चूळ भरेपर्यंत हा गडगा चढून आला, वरचा चिरा पायावर पाडून घेतला आणि मागल्या दारात उभा. तोंड पांढरंफटक.

"मेल्या, मिश्री लावत्ये!"

तो पायरीवर बसला. पायाला रक्त होतं. मी हळद आणली, तेव्हा बोलला.

त्याची आई गेली तेव्हा तो पुण्यात होता आणि मी लेकीकडे खेडला. आई सकाळी विहिरीचा पंप लावायची. पंप सुरू झाला की याच्या फोनवर निरोप यायचा, आई उठली. तसा प्रोग्राम यानंच लिहिलेला. त्या दिवशीही निरोप आला. पंप लावला होता नारळीचं आगर शिंपायला आलेल्या गड्यानं. आई आत पडलेली होती. कळलं ते संध्याकाळी.

"पंप चालला, काकू. मी निर्धास्त. चाचणी लिहिलीच नव्हती."

डोळे पुसणं वगैरे मला जमत नाही. हळद दाबली. तो कळवळला.

"माझी चाचणी तू घेतोस. तुझी रे कोण घेतं?"



आता सकाळी हाक मी मारते. मिश्री नंतर. "अरुण, मेल्या, ओ दे!"

ओ येईपर्यंत गडग्यापासून हलत नाही.