सुस्त कंट्रोलर आणि सहा चिंबोऱ्या

सासरे हरले, तर केतनचा फायदा असा: चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, वर दुपारची झोप, आणि जिवंत चिंबोऱ्या मोडायचं काम सासऱ्यांकडे! तो स्वतः हरला, तर कालवण तेच, पण चिंबोऱ्या मोडायच्या त्याने. आणि केतनची छाती एवढी, की पिशवीत खरखर झाली की हा पाय वर घेऊन सोफ्यावर!

गोष्ट २०११ची. पनवेलच्या फ्लॅटमध्ये त्याने कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकला होता; जुन्या कन्सोलचे खेळ कन्सोलशिवाय चालत. दर रविवारी सासरे काशीराम ओवे गावाहून चिंबोऱ्या घेऊन यायचे आणि जावयाशी मोटारींची शर्यत लावायचे. हरेल त्याने चिंबोऱ्या साफ करायच्या, हा केतनच्या बायकोचा, मनिषाचा कायदा.

काशीराम दर वेळी हरत आणि दर वेळी कुरकुरत, "जावयबापू, ही गाडी लय चटपटी हाय. नुसता बोट लावला का भिंतीवर जाते!"

पण गेल्या रविवारी ते जेमतेम गाडीभर अंतराने हरले. केतनला घाम फुटला!

शनिवारी त्याने गुपचूप सेटिंग उघडली. सासऱ्यांच्या कंट्रोलरचा डेडझोन साठ टक्के केला, म्हणजे दांडी अर्ध्याहून जास्त ढकलेपर्यंत गाडी ढिम्म. स्वतःची सेन्सिटिव्हिटी दुप्पट. झालं, चिंबोऱ्या सासऱ्यांच्या!

रविवारी पहिल्याच वळणावर केतनने अंगठा जरा टेकवला आणि त्याची गाडी विंचू चावलेल्या रेड्यासारखी कुंपणात घुसली. सासऱ्यांची मात्र वरातीतल्या घोड्यासारखी डौलात पुढे!

"वा! आज कशी शहाण्यासारखी चालते!"

"बाबा, जड नाही वाटत?"

"जड? कळंबोलीच्या लोखंडबाजारात तीस वर्षं ट्रक चालवला आमी. स्टेअरिंग अर्धा फेरा फिरवला का मग कुठं चाकाला कळायचा. आज माझी गाडी भेटली मना!"

"कंट्रोलर बदलू या का?"

"नाय! हाताला बसलेली गाडी आमी कुणाला देत नाय."

केतनने घाईघाईने खेळ थांबवून सेटिंग उघडली. नेमकी मनिषा मागे उभी!

"बाबांचं हे साठ कुणी केलं?"

"आपोआप झालं असेल."

"आपोआप? आणि तुझं तेवढं दुप्पट!"

"काय झाला गं?" काशीरामांनी विचारलं.

मनिषाने नवऱ्याकडे गोड बघितलं. "काही नाही, बाबा. जावयाने खास तुमच्यासाठी ट्रक बनवलाय."

"माझ्यासाठी?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "ऱ्हाऊ दे मग. कधी बदलू नका!"

आता कबुली द्यायची कोणत्या तोंडाने?

तर शेवटचा हिशेब. काशीरामांना विजय आणि कायमचा ट्रक. मनिषाला वर्षभर पुरेल एवढं टोमण्यांचं सामान. सहा चिंबोऱ्यांनी जीव दिला. त्यातल्या एकीने जाता जाता केतनच्या अंगठ्याकडून वसुली केली. बँडेज इतकं जाड, की पुढच्या रविवारी दांडी अर्ध्याहून जास्त ढकलेपर्यंत केतनला स्वतःलाच काही कळत नव्हतं.

चिंबोऱ्या त्या रविवारी आठ होत्या!