नर्सपुढे आजारी, डॉक्टरपुढे ठणठणीत

पांढरीपांडे काका एकाच दिवशी सकाळी मरायला टेकलेले आणि दुपारी ठणठणीत असायचे. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. सकाळी सरकारी आरोग्य खात्याची नर्स तपासायला आली, तर काका खुर्चीत असे काही कलंडलेले की वाटावं, आता नागपूरला त्यांच्या पुतण्याला फोन लावावा. हात थरथरतोय, मान लटकतेय, "कप उचलता येतो का?" विचारलं तर डोळ्यांत पाणी. आणि त्याच दुपारी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, तर हा माणूस गाडीतून उतरतानाच शीळ घालत होता. खुबा कसा आहे? "ग्रँड!" जिना चढता येतो? "रोज चढतो न उतरतो!" त्यांचं घर बैठं आहे. जिनाच नाही.

परत येताना मी म्हटलं, "काका, तुम्ही नक्की कुणाशी खोटं बोलताय? नर्सशी की डॉक्टरशी?"

"दोघांशीही."

"का पण?"

"काहून म्हणजे? चॉइस माझी आहे न बाप्पा," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

"चॉइस माझी आहे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहात साखर किती, हीटर लावायचा की नाही, मी आणलेली भाजी खायची की फेकायची, सगळ्याला एकच उत्तर. यापुढे आपण काय बोलणार? कपाळाला हात लावायचा आणि आपल्या घरी यायचं.

डब्लिनमधली भाडी झेपेनात म्हणून आम्ही तासाभरावरच्या ड्रोहेडा गावात घर घेतलं. शेजारी मराठी माणूस निघाला याचा आनंद मला जेमतेम आठवडाभर टिकला. मी पुण्याची आहे हे कळल्यापासून काका मला "ओ पुणेकरीण" म्हणून हाक मारायचे, आणि मी वेळेवर आले की घड्याळ बघून "आल्या का साहेब" म्हणायचे. तरुणपणी ते इथल्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. इथल्या लोकांना म्हातारा भारतीय माणूस दिसला की तो डॉक्टरच वाटतो. कुणी "डॉक्टर" म्हटलं की काका भडकायचे. "मी सिमेंट करत होतो. माझे पेशंट अजून उभे आहेत."

कुसुमकाकू गेल्या, मूलबाळ नव्हतं. मग काकांचा खुबा झिजला. मोजे घालता येईनात, अंघोळीला टबात पाय उचलून ठेवता येईना. तेव्हा सरकारनं घरपोच मदत मंजूर केली. सकाळी आणि संध्याकाळी कुणीतरी येणार, अंघोळ घालणार, कपडे घालणार, खायला देणार. पैसे सरकारचे, पण माणूस खाजगी एजन्सीचा. आणि एजन्सी कुठली, ते तुम्ही निवडा, असं सांगून खात्यानं नावांची एक यादीच पाठवली.

काका तेव्हा इतके खूश झाले! म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कोण्या सरकारनं मला विचारलं, की बाबा, तुला कोण पाहिजे." मुलगी बघायला निघाल्यासारखे तयार होऊन, स्वेटर बदलून ते फोनला बसले. प्रत्येक एजन्सीला प्रश्न. तुमचा माणूस भांडखोर आहे का? चहा उकळतो की नुसती पिशवी बुडवतो? पलीकडून सगळ्यांचं एकच उत्तर आलं, तुमच्या भागात सध्या आमच्याकडे कुणी नाही. काका वैतागले. "पाट्या एवढ्या लावून ठेवल्या न माल कोणाकडेच नाही!" शेवटी एका एजन्सीकडे एक बाई निघाली. एकच. ती आमच्या काकांची चॉइस.

तिचं नाव बर्नी. ड्रोहेडाचीच, पन्नाशी उलटलेली, उंच, तोंडाची फटकळ. सिगरेट सोडली असं खोकत खोकत सांगायची. ती बोलायची इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगते. पांढरीपांडे हे नाव तिनं एकदाच म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. "तू पांडी," म्हणाली. काका तिला बर्नीबाई म्हणायचे. पहिल्या दिवसापासून दोघांचं वाजलं. ती टॉवेलनं असं पुसते की जणू मी परात आहे, ही काकांची तक्रार. म्हातारा वॉकर सोडून चालतो आणि वर मलाच शिकवतो, ही तिची.

एकदा मी घरून काम करत होते आणि शेजारून आगीचा भोंगा वाजायला लागला. धावत गेले, तर काकांनी बर्नीला उपम्याची फोडणी करायला लावली होती. मिरच्यांच्या धुरानं ती खोकून लालबुंद, सगळी दारं-खिडक्या उघडी, आणि काका खुर्चीतून ओरडतायत, "मोहरी तडतडू दे! मोहरी तडतडू दे!" बर्नी म्हणाली, मला माणसं धुवायचे पैसे मिळतात, गुदमरून मरायचे नाही. पण महिन्याभरानं तीच मला रस्त्यात भेटली तेव्हा हळूच विचारत होती, ते काळे दाणे कुठल्या दुकानात मिळतात गं?

असं सगळं छान चाललेलं असताना काका घराबाहेर पडायला तयार नसायचे. डब्लिनला गणपती, आम्ही गाडीनं नेतो म्हटलं. "सकाळी बर्नीबाई येते." पुतण्याच्या मुलीचं नागपूरला लग्न, तिकीट तो काढून देत होता. "बर्नीबाई येते न." मी म्हटलं, "अहो, मग द्या की तिला सुट्टी! तीही सुटेल बिचारी." काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात चपला घालून गेले होते.

मग खुब्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. इथं नंबर लागायला माणसं वाट बघून बघून थकतात, आमदार-खासदारांना पत्रं लिहितात. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी समोरच बसले होते. काका अगदी गोड आवाजात म्हणाले, "धन्यवाद, पण मला नको. दुसऱ्या कोणाला तरी द्या." आणि फोन ठेवून दिला.

माझा तोलच गेला. "काका, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? रात्रभर कण्हता ते भिंतीतून ऐकू येतं आम्हाला! कसली चॉइस घेऊन बसलात? ही कसली चॉइस, लंगडत मरायची?"

काका उठले. वॉकर ओढत खिडकीपाशी गेले आणि पडदा बाजूला केला. "इकडे ये."

बाहेर पाऊस भुरभुरत होता, इथं तो कधी थांबतो म्हणा. समोर बर्नीची छोटी लाल गाडी. तिचं काकांकडचं काम कधीच आटपलं होतं. गाडी बंद करून, कोटाची टोपी डोक्यावर ओढून ती आत सँडविच खात बसली होती.

"काय करून राहिली ती?"

"जेवतेय."

"बिनपगारी बसलीय. माझ्या दारात शिरली की पैसे सुरू, बाहेर पडली की बंद. पुढच्या म्हाताऱ्याची वेळ होईपर्यंत जायचं कुठं? हीटर लावला तं पेट्रोल जळते. आत बस म्हटलं तं म्हणते, एजन्सीचा नियम नाही."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. पेशंट हॉस्पिटलात गेला, की सरकार त्याच दिवसापासून एजन्सीला पैसे देणं थांबवतं. एजन्सी बाईला देणं थांबवते. करारात तासांची हमीच नाही, काम असेल तेव्हा काम. मागच्या हिवाळ्यात बर्नीचे बरेच म्हातारे एकामागून एक हॉस्पिटलात गेले. काही परत आले, काही नाही आले. "तेव्हा रोज मला विचारायची, पांडी, तू बरा आहेस न? मला वाटायचं, किती काळजी करते! करतच होती. पण मग एक दिवस लक्षात आलं, की माझ्या तब्येतीवर तिची चूल चालते."

काकांनी पडदा सोडला.

"मी महिनाभर ऑपरेशनला गेलो तं तिनं खायचं काय? मी परत येईन तवर तिला दुसरीकडे टाकतील, न माझ्याकडे कोणीतरी नवीनच येईल. आता नर्सला मी बरा दिसलो तं ती तास कापते. डॉक्टरला आजारी दिसलो तं तो हॉस्पिटलात घालते. म्हणून आपलं मधल्या मधे राहायचं. पुरेसं आजारी. जास्त नाही."

"आणि तुमचा खुबा?"

"दुखते न. दुखू दे. तिला सांगशील तं याद राख."

मला इतका राग आला होता! पण काढायचा कुणावर? काकांवर? हॉस्पिटलातून फोन करणाऱ्या पोरीवर, जी सांगितलेलं काम करत होती? मी घरी आले आणि उगीचच नवऱ्यावर ओरडले.

त्या हिवाळ्यात काकांना छातीचं दुखणं लागलं. खोकला लपवायला ते बर्नी यायच्या वेळी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायचे. बर्नी काय दूधखुळी आहे? तिनं पाठ चोळायला हात लावला आणि अंग भाजतंय हे तिला कळलं. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकून मी गेले, तेव्हा काका टॉवेल गुंडाळून न्हाणीतल्या स्टुलावर बसले होते, ओठ निळसर, आणि बर्नीच्या हातात फोन होता.

"अँब्युलन्स बोलावू नको! चॉइस माझी आहे!"

"तुझीच आहे, पांडी. पण तुला श्वास घेता येत नाहीये."

"मी ग्रँड आहे!"

"तू मरतोयस, गाढवा."

आणि मग काकांच्या तोंडून निघून गेलं. "अगं, तुझे तास जातील न बाई!"

बर्नीनं फोन खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, मी नजर चुकवली. त्यातच तिला सगळं समजलं असावं. "म्हणजे ते ऑपरेशन... माझ्यासाठी नको म्हणालास?" काकांनी मान खाली घातली. तिनं एक शिवी घातली, ती मी इथं लिहीत नाही, आणि अँब्युलन्सचा नंबर लावला. गाडी येईपर्यंत ती त्यांच्या पायाशी बसून मोजे चढवत होती आणि अखंड बडबडत होती, कुणी सांगितलं होतं तुला, कुणी मागितलं होतं तुझ्याकडे, स्वतःला समजतोस कोण. मोज्याची टाच काही केल्या जागेवर बसत नव्हती, कारण तिला समोरचं दिसतच नव्हतं.

बर्नीचे काकांकडचे तास त्याच दिवशी बंद झाले. ठरल्याप्रमाणे.

काकांची छाती हळूहळू सुधारली. हॉस्पिटलातल्या लोकांनी काही कमी केलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही. मदतीचे तासही पुन्हा मंजूर झाले. फक्त द्यायला कुणाकडे माणूस नव्हता. मी ऑफिसच्या मीटिंगा सोडून एजन्सीमागून एजन्सीला फोन केले, भांडले, रडले. सगळे सभ्यपणे सॉरी म्हणायचे. काका घरी जाण्याइतके बरे होते आणि घरी जाऊ शकत नव्हते. पडून पडून त्यांचे पाय आणखीच आखडले. नर्सनं विचारलं की मात्र उत्तर तेच, "ग्रँड." मी विचारलं, "आता कुणासाठी हे?" तर म्हणाले, "घरी गेलो की येईल न ती परत. खुब्याचं यांच्या कानावर गेलं तं आणखी ठेवून घेतील."

एका दुपारी बर्नी आली. एजन्सीचा निळा सदरा नव्हता, स्वतःचा चांगला कोट होता, केस कापलेले होते. काकांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. ती खुर्ची ओढून बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि म्हणाली, "पांडी, मला नोकरी मिळालीय. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात."

काका उशीला टेकून ताठ बसले. मग एकदम साहेबी आवाज लावला. "पक्की आहे का करारावर?"

"पक्की."

"तास ठरलेले?"

"ठरलेले."

"तू आजारी पडली तं पगार देतात?"

"देतात."

"न पेशंट मेला तं?"

बर्नी हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "तरी देतात, पांडी."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. "सोडू नको ती. माझ्याकडे कोणी तरी येईल."

तिनं त्यांचे केस हातानंच नीट केले. रविवारी येईन म्हणाली. "रविवारी सुट्टी असते तं घरी झोप न बाई," काका म्हणाले. ती गेली. दार बंद झाल्यावरही ते बराच वेळ तिकडेच बघत होते.

तेवढ्यात फेरीवरची डॉक्टर आली. तरुण मुलगी होती, पश्चिमेला गॉलवेकडची असावी बोलण्यावरून. तिनं नेहमीसारखंच विचारलं, "कसे आहात? कुठं दुखतंय का?"

काकांनी माझा हात धरला.

"दुखते," ते मराठीतच म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं. खुबा दुखतो. खूप दुखतो. उठताना, बसताना, कूस बदलताना दुखतो. रात्री झोप येत नाही. सांगता सांगता ते रडायला लागले, मोठ्यानं, शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला तरी थांबेनात.

डॉक्टर घाबरून त्यांच्याजवळ खाली बसली. म्हणाली, "अहो, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

काकांनी डोळे पुसले. "आधी परवडत नव्हतं," ते म्हणाले.